खोलीचा सूर

सोमवार, ३ मार्च

पोचले एकदाची! बॅगेचं एक चाक वाटेतच निखळलं, जिना चढताना गिटारीची खोळ कठड्याला दोनदा आपटली, तरी मी गुणगुणतच वर आले. ताई मला भुंगा म्हणते ते उगाच नाही.

नोकरी अशी की ऐकणाऱ्याला हसू यावं. दिवसभर गिटारी सुरात लावायच्या, बस्स. नव्या गिटारीच्या तारा ताणल्या की पुन्हा सैल पडतात. परत लावा, परत सैल. असं बरेच दिवस केलं की कुठे त्या बसतात. गिटारी बनवणारे काका हे काम जन्मभर स्वतःच करत आले, पण आता त्यांना अजिबात ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजतं त्यांना. स्वतः मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात. मी आधी त्यांना भेटायला आले होते तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, यंत्राशिवाय लावता येतं का. मी म्हटलं, यंत्रालाच माझ्याकडे शिकायला पाठवा. हसून लोटपोट झाले म्हातारबा.

राहायला मागची खोली, खिडकीत ऊन, पलंग जरा कुरकुरतो. खाली कामाची जागा आहे, सगळीकडे लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. मला तर हा वास फार आवडला. ताईला फोन केला तर म्हणाली, तिथे तरी तोंडाला कुलूप लाव. म्हटलं, इथे मी दिवसभर बडबडले तरी कोणाला त्रास नाही!

बुधवार, ५ मार्च

आज कामाची खरी खोली पाहिली. जिन्याच्या वरच्या टोकाला आहे. काकांनी ती कान जात चालले होते तेव्हा स्वतःच्या हाताने बांधली. भिंती, जमीन, छत, सगळं गिटारीच्या पोटाला वापरतात त्याच पातळ लाकडाचं. आत शिरलं की खरंच गिटारीच्या पोटात शिरल्यासारखं वाटतं. छतात उंचावर एक काच आहे, तिच्या कडेने हवेपुरती फट. दाराला कडी फक्त बाहेरून. आतून मूठसुद्धा नाही, कारण धातूची कुठलीही सैल वस्तू तारेबरोबर झरझरायला लागते आणि काम नासतं. म्हणून फोन, किल्ल्या, कानातले, सगळं बाहेर टोपलीत ठेवायचं. ही वही आणि पेन्सिल चालते, नाहीतर मी गेलेच नसते.

आत काम सुरू झालं की काका बाहेरून दार लावतात, म्हणजे बाहेरची हवा तारांना लागत नाही. आणि काम संपलं हे त्यांना कसं कळतं? तर तळहाताने! भिंतीवर हात ठेवतात. लाकूड थरथरत असलं तर मी कामात आहे, थांबलं की दार उघडायचं. थरथरत असताना दार उघडणं त्यांच्या लेखी पाप आहे. आज मी हात थांबवून टाळी वाजवायच्या आत दार उघडलं होतं. शप्पथ, असा रखवालदार बँकेला मिळायचा नाही.

शनिवार, ८ मार्च

आता चांगला हात बसलाय. जाड तार पाचव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या पाचव्या पट्टीपाशी दाबायची, खालची मोकळी छेडायची आणि ऐकत राहायचं. दोन सूर जवळजवळ एक असले की आवाज हेलकावे खातो, वाँव-वाँव-वाँव. खुंटी हळूहळू पिळत नेली की हेलकावे संथ होतात. अगदी जुळले की थांबतात, आणि मग एक तार वाजतेय की दोन, ते कोणालाच सांगता येत नाही. तो शेवटचा हेलकावा विरतो ना, तेव्हा माझ्या पोटात गुदगुल्या होतात. ताई म्हणते तू वेडी आहेस. असेन.

उरलेल्या वेळात वेगळ्या जुळवण्या करून बघते. जाड तार दोन फ्रेटइतकी उतरवली की तीच गिटार एकदम गंभीर होते. सगळ्या तारा अशा लावल्या की काही न दाबता नुसता हात फिरवला तरी भरदार मेळ उठतो, तर खोली नुसती न्हाऊन निघते.

काकांना हे कळलं (हाताला कळलं असणार). रागावले नाहीत. फक्त सांगितलं, की प्रत्येक गिटारीच्या पोटाला तिचा स्वतःचा एक सूर असतो, तसा त्या खोलीलाही आहे. जाड तार उतरवत नेली की तो लागतो. त्याच्या आसपास जा, पण अगदी त्यावर तार लावू नकोस, केसभर बाजूला ठेव. का, विचारलं, तर म्हणाले की मग खोली लवकर शांत होत नाही. आणि जेवायला बसले.

गुरुवार, १३ मार्च

केलं. मला माहीत होतं मी करणार.

जाड तार उतरवत होते. खोलीचा सूर लागायला लागला, लाकडातून, तळपायातून वर येणारा. केसभर बाजूला होते मी, अगदी सांगितल्यासारखी. पण तो हेलकावा! इतका संथ, इतका जवळ आलेला, की मला राहवेना. माझ्यासारख्या कानाच्या माणसाला केसभर चुकीचा सूर म्हणजे दातात अडकलेला धागा. सुराचा अंदाज घ्यायला मी तो स्वतः गुणगुणत होते, नेहमीसारखीच. एकदा खुंटी हलवली आणि थांबला हेलकावा.

मी तार बोटाने दाबून बंद केली. सूर चालूच. मी गुणगुणायची थांबले.

माझं गुणगुणणं चालूच होतं.

दार उघडायला बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा काकांचा हात भिंतीवर होता आणि चेहरा असा, की त्यांना कोणी लहानपणीचं काहीतरी परत आणून दिलंय. म्हणाले, एवढ्या वर्षांत असं कधी वाजलं नव्हतं. मी सांगितलं की मी कधीच थांबले होते. ते माझ्या ओठांकडे बघतच नव्हते.

शुक्रवार, १४ मार्च

वर कामाला गेले नाही. ताप आहे सांगितलं.

दार बंद आहे, आत कोणी नाही, आणि वरून माझा आवाज येतोय. शब्द नाहीत अजून. नुसतं मी भांडी घासताना गुणगुणते तसं. काका जिन्यात बसून भिंतीला गाल लावून आहेत. मला त्यांची दया पण येते आणि त्यांना ओढून बाहेर काढावंसंही वाटतं.

ताईला फोन केला. सगळं सांगणार होते, तर तीच म्हणाली, मघाशी फोनवर काय मजेत होतीस! मी मघाशी फोन केलाच नव्हता. फोन कालपासून वरच्या टोपलीत होता, दाराला लागून. आत्ता आणला तो मी.

रडले. ताईला म्हटलं मला ने. ती घाबरलीच, रविवारी येते म्हणाली. आधी सुटी मिळत नाही तिला.

शनिवार, १५ मार्च

एक उपाय सुचलाय. ती गिटार अजून आतच आहे, त्याच सुरात. जाड तार पूर्ण सैल करून टाकली की खोलीला धरायला काही उरणार नाही. दिवसाउजेडी जायचं, खुंटी सोडायची, बाहेर. काकांना तीनतीनदा सांगितलंय, ओठ अगदी मोठे करून, की दार लावू नका. मान डोलावली त्यांनी.

नंतर —

लावलं. सवयीने लावलं असणार. हात भिंतीला लागला आणि दार लावलं.

मी तार सोडली. पार लोंबतेय. खोली थांबली नाही. आता ती माझ्या श्वासाबरोबर वाजते. मी श्वास धरला तरी —

फोन सवयीने बाहेर टोपलीतच टाकलाय. दाराला लाथा घातल्या. आवाज लाकडात पसरून एकसारखी थरथर होते, बस्स. बाहेरून काका ओरडले, वाहवा! चालू दे, आज कोणी तुला उठवणार नाही.

काका, मी आहे हो. मी थांबलेय. ती थांबत नाहीये.

कागद दाराखालून जात नाही, कडेला जाड लोकरीचा नमदा लावलाय. काचेपर्यंत हात पोचत नाही. गिटारीवर उभी राहिले, ती मोडली.

मी रडले की खोली रडते. केसभर उशिरा. आता तेवढाही उशीर नाही.

रविवार

काचेवर ऊन आलंय.

घसा सोलवटलाय. ओरडले तरी माझं मलाच ऐकू येत नाही, तिच्यातच मिसळतं. एक तार की दोन, कोण सांगणार! फक्त पेन्सिलीचा आवाज तिला जमत नाही. म्हणून लिहितेय. एवढं तरी माझं आहे.

जिन्यात पाऊल. ताई!

ताई भुंगा म्हणून हाक मारतेय. काका तिला सांगतायत की काम चालू आहे, मधे उघडता येणार नाही —

मी ओरडले. सगळा जीव लावून. आणि बाहेरच्या बाजूने, लाकडाच्या पलीकडून, माझ्या आवाजात — शांतपणे — की अगं ताई, त्या दिवशी उगाच घाबरवलं तुला, मी मजेत आहे, तू जा.

ताई हसली. रडतरडत हसली. म्हणतेय, मेले, जीव घेतलास माझा.

नाही ताई नाही ताई नाही

पाऊल उतरतंय.

थांब. विचार कर. जुळलेल्या तारा एकच वाटतात. मग मी जुळायचंच नाही. केसभर चुकीचं. आयुष्यभर ज्याचा राग आला तेच —

गुणगुणतेय. तिच्या किंचित वर. वाँव-वाँव-वाँव. आला! हेलकावा आला! जिन्यात पण जातोय.

ताई थांबली. विचारतेय, आत दोघी आहेत का?

हो ताई! हो हो हो

परत वर येतेय. काका नको म्हणतायत. ती ऐकत नाही, माझीच बहीण आहे. काकांना ढकललंन बहुतेक.

हेलकावा संथ झाला. ती वर सरकतेय. मी अजून वर घेते.

ती पण.

अजून वर. गळा फाटतोय. ताई म्हणतेय, आता एकच ऐकू येतेय, काय चाललंय तुझं? नाही, दोघी, दोघी आहोत, ऐक ना — हात कडीवर आहे तिचा, वाजली कडी — फक्त हा हेलकावा थांबू नये — वाँव — वाँव —

अजून वर —

वाँव —

      वाँ