टायरची आतली कड

९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं वहिनीकडून कळलं. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला ऐकवायचं, म्हणून हे पत्र. तीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी काढलीस, आता कानाला यंत्र लाव म्हटलं की वहिनीवर चिडतोस म्हणे. चिडू नकोस, लाव.

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला आलास, फार बरं वाटलं. नवा शर्ट तुला शोभत होता, फक्त घडीची रेघ पाठीवर तशीच होती. पिशवीतून काढून तसाच चढवलास ना? सासूबाई दोनदा विचारत होत्या, तुझा भाऊ नीट जेवला का, सारखा खिशात हात घालून उभा होता. मी म्हटलं, लाजाळू आहे.

आणि हो, पाहुण्यांना मी तू वाहन क्षेत्रात सल्लागार असल्याचं सांगितलं. तुझ्या कानावर पडलं असेल तर हसण्यावारी ने. इथे लोक माणसापेक्षा आधी त्याचं कार्ड बघतात. मला पटकन दुसरं काही सुचलं नाही.

एक गंमत सांगते. शोरूमचा माणूस गेली दोन वर्षं गाडीचे टायर बदला म्हणून मागे लागलाय. आठ वर्षांपूर्वी गाडीबरोबर आलेले तेच टायर अजून आहेत. सासरे बधत नाहीत. एवढी भारी गाडी, त्या कंपनीने निवडून लावलेली वस्तू आपण कशाला काढायची, हा त्यांचा हट्ट. त्या दिवशी पोर्चमध्ये तू छान ठेवलेत म्हणालास, तेव्हापासून तर विचारूच नकोस. येईल त्याला ऐकवतात, सुनेच्या भावाने पाहून पास केलेत. वीस तारखेला त्यांना डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडे न्यायचंय, हायवेने तीन तासांचा रस्ता आहे. हे चालवणार आहेत.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, माझ्या फुशारक्यांपायी तो आटू देऊ नकोस.

तुझी,
चिऊ


१४ नोव्हेंबर

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. आधी कामाचं लिहितो. ती गाडी हायवेवर नेऊ नका. टॅक्सी करा, नाहीतर डॉक्टरांची तारीख पुढे ढकला. चारही टायर बदलेपर्यंत गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. हे पत्र भाऊजींना वाचायला दे.

मग त्या दिवशी तोंड का शिवलं होतंस, असं तू विचारशील. तेच लिहायला घरी आल्यापासून रोज कागद घेऊन बसतो आणि उठतो. तुझं पत्र आलं नसतं तर अजूनही उठलो-बसलोच असतो. ह्याचीच जास्त लाज वाटते.

पोर्चमध्ये गाडीची पुढची चाकं वळवून ठेवलेली होती, म्हणून डाव्या टायरची आतली कड मला दिसली. बाहेरून बघशील तर खाचा शाबूत, वर काळं पॉलिश मारलेलं, नव्यासारखा. आणि आतल्या कडेला रबर संपून तार डोकावत होती. चाक नीट सरळ बसलेलं नसलं की टायर असा एकाच बाजूने झिजतो. समोर उभ्या असलेल्याला कधीच कळत नाही, मागून हात फिरवला तरच कळतं. बाबा आठवतात ना? कुणाच्याही दारात गाडी दिसली की चाकामागून हात फिरवायचे. पाहुण्यांकडे गेलो तरी आधी गाडी, मग माणसं. मलाही तीच खोड.

त्या दिवशीही मी वाकलो होतो. गुडघा टेकणार, तेवढ्यात मागे तू कुणाला तरी सांगितलंस, माझा भाऊ सल्लागार आहे. एरवी मला कानाशी हातोडा आपटला तरी ऐकू येत नाही, नेमकं तेवढं ऐकू आलं. मी सरळ उभा राहिलो. सल्लागार माणूस गुडघे टेकत नसावा. नखांतलं काळं काही केल्या जात नाही, म्हणून हात खिशात घातले. आणि त्याच वेळी तुझ्या सासऱ्यांनी मला विचारलं, काय, कसे आहेत टायर. मी म्हणालो, छान ठेवलेत.

तुला दोष देत नाही. तू बोललीस ते तुझ्यापाशी, मी गप्प बसलो ते माझ्यापाशी. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला टायरबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. सांगितलं ते कुणाला, तर ज्या गाडीत माझी बहीण बसते त्या गाडीच्या मालकाला.

माझ्याकडूनच घ्या असं मुळीच नाही. शोरूममध्ये बदला, पण बदला. वहिनीलाही तुला फोन करायला सांगतो. पत्र मिळताच कळव.

लोभ मागायला आज तोंड नाही, तरी असू दे.

तुझा,
दादा


२४ नोव्हेंबर

ती. दादास सा. न.

आधी हे वाच, सगळे जिवंत आहेत.

शुक्रवारी हायवेवर पुढचा डावा टायर फुटला. गाडी कठड्याला घासत गेली आणि झुडपांत जाऊन थांबली. ह्यांच्या कपाळाला पाच टाके पडलेत. सासऱ्यांचं उजवं मनगट मोडलं, प्लास्टर आहे. मी घरीच होते.

दादा, तुझं पत्र मंगळवारी आलं होतं. वहिनीचा फोनही आला होता. पाहुणे बसलेत, पत्र मिळालंय, बघते, असं म्हणून मी तो ठेवला. पाहुणे कुणीही नव्हते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि कपाटात टॉवेलांच्या थप्पीखाली सरकवून दिलं. ह्यांच्या हातात ते द्यायचं म्हणजे त्यातली नखं, गिऱ्हाइकं, बाबांचा हात, सगळंच द्यायचं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. दुकान हा शब्द मी ह्या घरात एकदाही उच्चारलेला नाही. माझे वडील व्यवसायात होते, एवढ्यावर मी भागवलं आणि कुणी खोलात विचारलं नाही, ह्यावर मी खूश होते.

मी स्वतःला समजावलं, पत्र नको, आपण तोंडीच सांगू. बुधवारी जेवताना म्हटलं, जायच्या आधी टायर बदलून घेतले तर. सासरे हसून म्हणाले, तुझ्याच भावाने तर पास केलेत. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं आणि पोळीचा तुकडा मोडला. गुरुवार तसाच गेला. शुक्रवारी सकाळी मी त्यांना पाण्याची बाटली दिली, फाटक उघडलं आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत उभी राहिले.

आता घरात तुझं नाव निघतं. सासूबाई काल म्हणाल्या, सल्लागार म्हणे, आणि ताट बाजूला सारलं. मी वाढत राहिले. तू सावध केलं होतंस हे ह्या घरात मला एकटीला माहीत आहे, आणि मी वाढत राहिले.

लहानपणी बाबा कुणाच्या गाडीपाशी वाकले की मी दहा पावलं पुढे जाऊन उभी राहायचे, जणू त्यांच्याबरोबर आलेलीच नाही. ते मला हाक मारायचे नाहीत. हात पुसून गुपचूप मागून यायचे.

काय करू ते सांग. आधी रागाव हवं तर, पण सांग.

लोभाला मुकलेली,
चिऊ


२८ नोव्हेंबर

चि. चिऊस आशीर्वाद.

रागावलो होतो. वहिनी म्हणाली, आधी एका ट्रकची सगळी चाकं काढून ये, मग पेन हातात घे. काढली. आता लिहितो.

ते पत्र फाडून टाक. तुझ्या घरचे म्हणतात ते चुकीचं कुठे आहे? मला विचारलं, मी छान म्हणालो, आणि टायर फुटला. मधलं त्यांना कळून काय होणार, तुझं तिथलं राहणं अवघड होईल तेवढंच. त्या घरात तुला दिवस काढायचेत. मी वर्षातून एकदा यायचो, आता येणार नाही. तुझ्या हातचं जेवण चुकेल, पण तसाही तुझा हात मिठाला जड आहे.

फक्त एक लागून राहिलंय. माझ्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाचा हात मोडला आणि मला त्यांच्यासमोर जाऊन उभंही राहता येत नाही. त्यांना भेटायला हवं होतं.

आणि नीट लक्ष दे. गॅरेजवाले फुटलेला टायर बदलतील आणि बाकीचे तीन तसेच ठेवून गाडी परत पाठवतील. त्या तिघांचीही आतून तीच गत असणार. ह्या खेपेला गप्प बसू नकोस. माझं नाव न घेता सांग, कसंही सांग.

लोभ गेलेला नाही. तो असा जात नसतो.

तुझा,
दादा


१० डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. पत्र फाडलं नाही.

रविवारी गाडी गॅरेजमधून आली, तू म्हणालास तशीच. एक टायर नवा, तीन जुने. सासरे म्हणाले, बाकीचे तर चांगले दिसतायत. मी उठले, टॉवेलांखालून तुझं पत्र काढलं आणि जेवणाच्या टेबलाशी उभी राहून सगळं वाचून दाखवलं. नखांचंही वाचलं. मग ते मंगळवारीच मिळालं होतं, हेही सांगितलं.

मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. तो झाला नाही. मग ह्यांनी सांगितलं की दुकानाचं त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. लग्न ठरवायला सासरे आणि हे आपल्याकडे आले होते ना, ते निघाले तेव्हा बाबांनी त्यांच्या चाकामागून हात फिरवला आणि दोघांना थेट दुकानात नेलं. तू त्या दिवशी बाहेरगावी होतास. टायर स्वतः बदलून दिला. आणि निघताना सासऱ्यांना म्हणाले, तुम्ही दुकान बघितलंत हे मुलीला कळू देऊ नका, तिला त्याचं फार वाटतं.

एकोणीस वर्षं ह्या माणसांनी बाबांचा शब्द पाळला, दादा. मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यापासून. सासूबाईंच्या त्या ‘सल्लागार म्हणे’चा अर्थ मला आत्ता लागला. आणि बाबांना माहीत होतं. दहा पावलं पुढे उभी राहणारी मुलगी त्यांना दिसत होती.

सासरे म्हणाले, म्हणूनच तर मी त्याला विचारलं होतं. शोरूमवाला विकायला बसलाय, हा त्या बापाचा मुलगा, हा खरं तेच सांगेल. एवढं बोलून ते उठून खोलीत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, भावाला कळव, चारही टायर त्यानेच येऊन बसवायचे, गॅरेजवाल्याचा नवासुद्धा नको.

ह्यांनी मला फक्त एकच विचारलं, तू आम्हाला समजत होतीस तरी काय.

ये. तुझ्यासमोर कशी उभी राहीन माहीत नाही, तरी ये.

तुझ्या लोभावर जगणारी,
चिऊ


२१ डिसेंबर

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. व्हॅनमध्ये मशीन बांधून नेलं होतं, येताना त्याने वाटभर खडखडाट केला. मला काय त्याचं, ऐकणारी वहिनी होती.

तुझ्या सासऱ्यांशी बोललो, ते तुला त्यांनी सांगितलं असेलच. मी हात जोडायला गेलो तर म्हणाले, शोरूमवाला दोन वर्षं ओरडत होता ते मी ऐकलं नाही, ते कुणाच्या माथी मारू. मग खुर्ची ओढून चाकाशेजारीच बसले. काढलेल्या टायरच्या आतल्या कडेवरून डावा हात फिरवला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला. मलाही मान वर करवेना. पुढे मात्र त्यांनी इतके प्रश्न विचारले की एका टायरला दीड तास लागला.

आता जे आपण दोघंही बोललो नाही ते.

शेजारच्या बाई कुत्र्याला घेऊन फाटकाशी थांबल्या आणि मला विचारलं, तुम्हाला कुठून बोलावलं. तू वरच्या खिडकीत होतीस, हातात चहाचे कप. मी वर बघितलं. तू पडदा सोडलास. मी त्या बाईंना म्हणालो, टायरच्या दुकानातून आलोय. तुझ्या सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. तू खाली आलीस तेव्हा चहा निवला होता, आणि मी गरम आहे म्हणून प्यालो.

हे टोचून बोलायला लिहीत नाही. एका रविवारी एक पत्र वाचून दाखवलं म्हणून इतक्या वर्षांची सवय सुटत नाही, हे मला कळतं. आणि मी तरी काय केलं, दुकानातून आलोय म्हणालो. मी हिचा भाऊ, असं मलाही म्हणता आलं असतं. तोंडाशी आलं होतं.

गाडीचं एक काम बाकी आहे. चाकं सरळ करून घ्यायला हवीत, नाहीतर नवे टायरही तसेच आतून झिजतील. त्याचं मशीन मोठं असतं, ते व्हॅनमध्ये येत नाही. हे काम तुमच्या शहरातही होईल, पण मी भाऊजींना सांगितलंय, माझ्याकडेच करायचं आणि गाडी तू चालवत आणायची. तुझ्याने होईल, रस्ता सरळ आहे. लग्न झाल्यापासून तू दुकानात पाऊल ठेवलेलं नाहीस.

शनिवारी सकाळी ये. शनिवारी आमच्याकडे बसायला जागा नसते, म्हणून मुद्दाम शनिवार सांगतोय. गाडी बघून लोक जमतील, आणि कुणीतरी विचारेलच, ह्या बाई कोण. मी उत्तर देणार नाही. मी खाली, चाकाशी असेन.

वहिनी आशीर्वाद सांगते. वाट बघतो.

तुझा,
दादा