टोपीवरचा बिल्ला

आर्डेन, माझ्या हेकट भावा,

आपल्या लूथरन चर्चच्या तळघरात पाणी शिरलं म्हणून रक्तदान शिबीर यंदा समोरच्या कॅथलिक हॉलात घेतलं, तर केवढा तमाशा केलास! "त्यांच्या हॉलात मी आडवा होणार नाही," म्हणालास आणि रांगेतल्या अकरा जणांना घेऊन चालता झालास. नोंदणीच्या टेबलाशी मीच बसले होते. वीस वर्षं या रक्तपेढीत काढली, पण एवढी लाज कधी वाटली नव्हती.

आठव्या दिवशी तुझ्याच लेकीला, कर्स्टनला, बाळंतपणात रक्तस्राव झाला. गट ओ निगेटिव्ह, तुझाच. दवाखान्यात एकच पिशवी होती. दुसरी आमच्याकडून शेरीफने गाडी पळवत नेली. त्या पिशवीचा नंबर मी रक्तदात्यांच्या यादीत ताडून पाहिला. ते रक्त क्लीटस वुल्फचं होतं! कुंपणाच्या भांडणावरून ज्याच्याशी तू नऊ वर्षं बोलत नाहीस, त्या कॅथलिक क्लीटसचं!

रविवारी चर्चमध्ये उभा राहून तू देवाचे आभार मानलेस, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, शिबिराच्या दिवशी त्या हॉलात बाही वर करून देव नव्हता झोपला!

रक्त कुणाचं ते सांगायची आम्हाला बंदी आहे, म्हणून हे पत्र शेगडीत जाईल. पण मंगळवारी शिबीर पुन्हा त्याच हॉलात आहे. आला नाहीस, तर टोपीवर मिरवतोस तो रक्तदात्याचा बिल्ला मी चारचौघांत उपटून घेईन. का, ते मात्र मरेपर्यंत सांगणार नाही.

तुझीच थोरली,
वर्ना