खुल्या रानाची कड

रविवार, ३ फेब्रुवारी २००८. सकाळी.
सोनाली, नातसूनबाई, लिव. वही माझी, अक्षर तुझं. काल चुलीवर ठेवलेलं दूध तुझ्या ध्यानात राहिलं नाय, माझं बोलणं काय राहणार? म्हणून लिवायचं. माझ्या डोक्यातून काय जात नाय.
येत्या रविवारी गुणाच्या नातीचं बारसं. गुणा माझी लेक, डोंगरापलीकडं मुरबाडात दिलेली. फोनवर म्हणाली, आई, पाळणा दुपारी बाराला हलवणार, तू तोवर आलीस तर नाव तू सांग. नाव ठरलंय. बाईजा, माझ्या आईचं. उशीर झाला तर पोरीची आत्या टीव्हीतलं कायतरी ठेवील.
ठराव: चालत जाणार. एसटी किन्हवलीवरून वळसा घेते, मला मळमळतं. पायवाटेनं तीन तास.

सोमवार, ४ फेब्रुवारी.
शेखर, माझा नातू. भातसानगरला धरणावर कामाला. ड्युटीवरून आला की कॉम्प्युटर. बंदूकवाल्या खेळाचा चौथा भाग आणलाय. आधीचे तिन्ही भाग मी मागं बसून बघितले. बघायला नाय, वाल सोलायला. शिपायानं बोळातून पळायचं, दिसेल त्याला गोळी, बोळ संपला की म्होरक्या. सरळ काम. आता म्हणे ओपन वर्ल्ड. रान मोकळं, कुठंपण जा. चार दिवस झाले, गडी अजून म्होरक्याच्या दारात पोचला नाय. काल अर्धा तास एका डुकरामागं. मी म्हटलं, त्यापेक्षा आपली गुरं वळ. म्हणाला, आजी, यात फ्रीडम आहे. फ्रीडम! आणि बसतो खुर्चीत.

बुधवार, ६ फेब्रुवारी. दुपारी.
मी खेळले नाय. तसंच लिव. फक्त वाट कशी काढतात ते शेखरला दाखवलं. दोनदा नदीत पडले ती माउसची चूक. मेला की शिपाई परत आपल्या झोपडीतच उठतो. म्हणून त्याला अक्कल येत नाय.
त्या रानाला म्हणे कड हाय. कडेला गेलं की शिपायाला घेरी येते, झोपडीत जागा होतो. मग खुलं कसलं? आमच्या डोंगराला कड नाय.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी.
शेखर म्हणतो, मोटरसायकलवर नेतो. ज्याच्या शिपायाला दर दहा पावलांवर नकाशा लागतो, तो मला वाट दाखवणार! माझा नकाशा डोक्यात. मारुती, वाकडा साग, मोठी धोंड, ओहोळ, करवंदीची जाळी, गुणाचं दार.
सोनालीनं विचारलं, त्या वाटेनं शेवटची कधी गेलीस? म्हटलं, अलीकडंच, गुणाच्या मुलाच्या बारशाला. त्याच मुलाला आता मुलगी झालीय, हे तिनं वर तोंड करून सांगायची गरज नव्हती.

रविवार, १० फेब्रुवारी. सकाळी सहा.
निघते. फडक्यात भाकर घेतलीय. शेखरला सांगितलं, तू ये गाडीनं मागून. गुणाच्या अंगणात माझ्या चपला दिसतील.

तोच दिवस. दुपारी दोन.
वाकडा साग सापडला. त्याला तार ठोकलेली. पुढं सिमेंटचे खांब, कुंपण, आत मुंबईवाल्यांचे प्लॉट. गेटवर वॉचमन कोण, तर पाड्यातला चांगो. त्याच्या लग्नाची हळद मी दळलेली. म्हणाला, काकू, आत सोडलं तर नोकरी जाईल माझी, सायबाचे कुत्रे हायत. विचारलं, धोंड कुठाय? म्हणाला, फोडून तिचाच पाया घातला. कडेकडेनं जा, कुठंतरी संपेल.
गेले. एका हातानं तार धरून. ओहोळ नाय, करवंद नाय, तारच तार. ऊन डोक्यावर आलं. एक चप्पल तुटली. मग देऊळ दिसलं. म्हटलं, आलं गुणाचं गाव. मारुती ओळखीचा वाटला. आपलाच होता. मागच्या बाजूनं आलेले.
चूक चांगोची.

सोमवार, ११ फेब्रुवारी.
शेखर काल बारशाला जाऊन आला. पाऊण तास लागला फक्त. नाव ठेवलं भूमिका. आत्यानंच. गुणा म्हणे साडेबारापर्यंत पाळण्याची दोरी धरून थांबली होती, दाराकडं बघत. हे त्यानं सांगायला नको होतं.
मला हसला पण नाय. हसला असता तर दोन शिव्या तरी दिल्या असत्या. गपचूप कॉम्प्युटर लावला, खुर्ची सरकवली, म्हणाला, आजी, आज तू चालव. शिपायाला घेऊन सरळ डोंगर चढले. एक तार आडवी आली नाय. खोटं रान. तासभर हिंडले, ते फक्त खोटं किती ते बघायला.
सोनाली, गुणाला फोन लाव. सांग, आईला सवड झाली नाय. बारशाच्या घुगऱ्या पाठव म्हणावं, एसटीच्या कंडक्टरबरोबर, वळशानं आल्या तरी चालतील. खोबरं जास्त, मीठ बेतानं, डबा मोठा. शेखरसाठी वेगळ्या नकोत, माझ्यातल्याच देईन.