हेदवीचा नारळ

आई,

काल भाचीनं मोबाईलवर एक फोटो दाखवला. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीसमोर आपली पोर, तिचा नवरा आणि त्यांची चिमुरडी. तिघंही हसताहेत. मागच्या आठवड्यातला फोटो. पुण्याहून आली, तिथल्या कुठल्याशा रिसॉर्टात दोन दिवस राहिली आणि परत गेली. आम्हाला रत्नागिरीला साधा फोनही केला नाही. भाचीला वाटलं मला माहीत असणार. मीही "हो, म्हणाली होती ती" असं सांगून वेळ मारून नेली आणि चहा टाकायला आत गेले. तुझ्या नातीनं कोकणात येऊन आईबापाचं घर टाळलं, हे तुझ्या कानावर घालावं म्हणून लिहायला बसले. पण बसल्यावर दुसरंच आठवत गेलं.

तू मला मुंबईला नेलं होतंस, ते आधी आठवलं. मी तिसरीत असेन. राणीच्या बागेतला हत्ती दाखवायचं कबूल करून नेलंस आणि सगळे दिवस आंब्याच्या पेट्या पोचवण्यात गेले. मामाकडे उतरलो म्हणून मावशीकडे जावं लागलं, मावशीकडे जेवलो म्हणून आत्याकडे राहावं लागलं. जिथे जाऊ तिथे 'जेवल्याशिवाय सोडणार नाही'. शेवटच्या दिवशी तुझ्या कुठल्याशा चुलतबहिणीचा नवरा गेल्याचं कळलं, तिला भेटायला गेलो आणि तिथेच संध्याकाळ झाली. एसटी स्टँडवर मी भोकाड पसरलं, तशी तू करवादलीस. "रडतेस कशाला गो? हत्ती काय पळून जातोय? माणसं जातात." पुढच्या वर्षी मी हत्तीचं नाव काढलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग माझं लग्न झालं आणि तुझाच संसार मी इथे मांडला. ह्यांची थोडी कलमं, माझी कचेरीतली नोकरी, आणि मे महिना आला की मुंबईची सगळी माणसं आमच्या दारात. दीर, जावा, त्यांची पोरं, पोरांचे मित्रसुद्धा. मी रजा टाकायची ती भाकऱ्या थापायला. पहाटे चूल पेटायची, ती दुपारची जेवणं होईपर्यंत विझत नसे. माणसं गोड होती, त्यात शंका नाही. पण निघताना जाऊबाई दरवर्षी म्हणायच्या, "तुमचं बरं आहे हो, बारा महिने कोकणात." मी हसायचे. दमलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.

पोरीला तेव्हा ते पार्क हवं होतं. मुंबईजवळ खाडीपलीकडे पाळण्यांचं, पाण्याचं मोठं पार्क, टीव्हीवर जाहिरात लागायची त्याची. ती विचारायची आणि मी सांगायचे, आंबा उतरू दे. आंबा उतरला की, पाहुणे जाऊ देत. पाहुणे गेले की शाळा उघडायची. असं करत ती पाचवीत गेली, आणि त्या मेमध्ये तिनं विचारलंच नाही. टीव्हीवर जाहिरात लागली तर उठून अंगणात जायची. हे असं गप्प होणं मला ठाऊक होतं.

पाहुणे गेल्यावर आणि शाळा उघडायच्या आत चार-सहा दिवस मिळतात, तेवढेच मोकळे. त्यातले दोन काढू म्हणून मी पडवीत ह्यांच्याजवळ विषय काढला. हे म्हणाले, "जाऊया की. उतरायचं मोठ्या काकांकडे. मग ठाण्याच्या आत्याकडे जावं लागेल, गेल्या वर्षी पेटी पोचली नाही म्हणून ती अजून धड बोलत नाही. आणि आत्याकडे गेल्यावर डोंबिवली कशी टाळणार?" मी ऐकत होते. दोन दिवसांचे पाच झाले. पार्काला आधी एक दिवस होता, मग दुपारनंतरचा वेळ उरला, आणि शेवटी हे म्हणाले, "जमलं तर बघू." पोर उंबऱ्यात बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

मी म्हटलं, "कुणालाच कळवायचं नाही. लॉजवर उतरायचं."

ह्यांनी सुपारी कातरायची थांबवली. "मुंबईत आपली माणसं असताना लॉजवर? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. मला कुणाच्याही स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. माझ्यासुद्धा नाही."

एवढं बोलताना रडू आलं मला. हे म्हणाले, "बरं." पेटी घ्यायची नाही असंही ठरलं. हातात पेटी दिसली की मुंबईला निघालो हे सगळ्या आळीला कळतं.

पण पाऊस तोंडावर आला असताना आगोटीची कामं टाकून दोन दिवस घर बंद ठेवायचं, तर शेजारी विचारणारच. शेजारच्या काकींना मी सांगितलं, हेदवीला चाललोय, आईच्या घराची कौलं चाळून घ्यायला. खोटं बोलायलाही मला तुझंच घर सापडलं. काकी लगबगीनं आत गेल्या आणि शेंडीचा नारळ घेऊन आल्या. "दशभुज गणपतीपुढं माझ्या नावानं ठेव हो बाय. गाऱ्हाणं नीट घाल, लेकाला मूल होऊ दे म्हणून." नारळ पिशवीत घातला आणि स्टेशन गाठलं. ही कोकणातली रेल्वे सुरू झाली त्याच वर्षी तू गेलीस, तुझं तिच्यात बसायचं राहिलं. खिडकीशी पोर होती, माझ्या मांडीवर काकींचा नारळ.

पार्काच्या फाटकावर पिशव्या तपासत होते. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही असा नियम. रखवालदारानं नारळ हातात घेऊन फिरवून बघितला. "हे कशाला?" मी म्हटलं, "देवाचा आहे." तो गोंधळला. त्यानं नारळाला नमस्कार केला आणि परत पिशवीत ठेवला.

मी आत गेल्यावर सावली बघून बसणार होते, सामान राखत. बायकांनी तसंच बसायचं असतं, मलाही सवयच. पण पोरीनं हात धरला आणि हे म्हणाले, "जा तू. नारळ मी सांभाळतो." मग मी त्या मोठ्या पाळण्यात बसले. पाळणा वर जातो, आणि वर जाऊन जरा थांबतो. खाली खाडी आहे, पलीकडे मुंबई पसरली आहे. काका, आत्या, जावा, सगळ्यांची घरं तिथेच कुठेतरी आहेत, आणि माझी वाट कुणीही बघत नाही. पोर माझ्या दंडाला बिलगून खदाखदा हसतेय. आई, मला तेव्हा कुणाचीही आठवण झाली नाही. तुझीसुद्धा नाही. इतकी विश्रांती मला त्याआधी मिळाली नव्हती आणि नंतरही मिळाली नाही. उतरल्यावर "परत बसायचं?" असं विचारलं, ते पोरीनं नव्हे, मी.

परत आल्यावर नारळ गळ्याशी आला. दुसऱ्याचं गाऱ्हाणं घरात ठेवता येत नाही. पुढच्या रविवारी एसटीनं मी एकटीच हेदवीला गेले. आधी तुझं घर उघडलं, तर माजघरात खरोखरच गळत होतं. माणूस बोलावून कौलं चाळून घेतली आणि मग देवळात गेले.

आता पोरीला मी काही विचारणार नाही. नोकरी, लेकरू, सासर, सगळं ओढते बिचारी. इथे आली असती तर मी चार माणसं जेवायला बोलावली असती, ह्यांनी तिला काकींकडे, भाचीकडे फिरवलं असतं, आणि तिचे दोन दिवस कुठे गेले ते तिला कळलंही नसतं. हे सगळं मला समजतं. तरी कालपासून घास उतरत नाही. तू असतीस तर 'माणसं जातात' एवढंच म्हणाली असतीस. मला तेच ऐकायचं होतं बहुतेक, म्हणून तुला लिहिलं. टपालपेटीत टाकण्यासारखं हे पत्र नाही, तेव्हा एक शेवटचं सांगून टाकते.

त्या रविवारी काकींच्या नावानं गाऱ्हाणं घालून झाल्यावर मी गणपतीपुढं आपल्या पोरीसाठीही मागितलं. म्हटलं, हिला आमच्यासारखं माणसांत अडकवू नकोस, हिला आपल्या मनासारखं फिरू दे. देवानं ऐकलं, आई. इतक्या मनापासून मागायला नको होतं.