सुनंदाचा चेंडू कुठवर गेला

२ नोव्हेंबर, रविवार
अनसिंगला साडूभाऊंकडे. फौजेतून निवृत्त होताना त्यांच्या साहेबांनी गोल्फच्या दोन जुन्या काठ्या नि पिशवीभर चेंडू दिले म्हणे. सोयाबीन निघालेल्या वावरात डबा पुरून भोक केलंय. माझा पहिला चेंडू चार पावलांवर. दुसऱ्या वेळी धसकटच उडालं. सा.भा. म्हणाले, "काठी काहून आवळून राह्यले? हात ढिला सोडा ना!" ढिला सोडला नि चुकलो तर? हसायला सगळे उभेच.

९ नोव्हेंबर, रविवार
आज तयारीनं गेलो. भूकरमापकाची नोकरी काय फुकट केली? खुंट्या ठोकल्या, पाय ठेवायला चुन्याच्या रेघा मारल्या. माझा सर्वात लांब एकसष्ट मीटर. खूश.
मग बायकोनं काठी मागितली. पाय, कोपर, मान, सगळं मी लावून दिलं. सुनंदाचे तीन वार हवेत. सा.भा. लांबून ओरडले, "सुनंदा, त्याइचं ऐकू नको! बोरीले दगड मारतं ना, तसा मार!" तिनं पदर खोचला, चपला काढल्या नि हाणला. पार धुऱ्याजवळ, वावराच्या बांधाला. हसता हसता खालीच बसली. माझ्यासोबत अशी कधी हसली, आठवत नाही. नुसता जळफळाट.
फीत घेऊन मीच गेलो. चौऱ्याऐंशी.
सांगितलं, "अठ्ठावन्न."

१० नोव्हेंबर, सोमवार
मंगरूळपीर. बांधाच्या भांडणातले दोघं भाऊ माझ्या मापावर सही करून गेले. थोरला म्हणाला, "साहेब, तुमी सांगान ते खरं." वीस वर्षांत कोणाची वीतभर जागा इकडची तिकडे केली नाही. बायकोचे सव्वीस मीटर खाल्ले.

१२, बुधवार
सु. भाकरी थापत होती. सांगून टाकावं म्हणून गेलो. मीठ मागून परत आलो.

१४, शुक्रवार
तिनंच विषय काढला. "मी पावलानं मोजलं होतं. एकशे दहा पावलं."
"मंग तवाच बोलली काहून नाही?"
"तुमचं तोंड पाहून." उठता उठता म्हणाली, "रविवारी मी नाही येत. तुमीच जा."
भांडली असती तर बरं झालं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
आली शेवटी. बहिणीनं फोन करून बोलावलं म्हणून, माझ्यासाठी नाही.
रेघा मारल्या नाहीत. माझा बरा गेला. तिचा त्याच्याही पुढे, फीत लावायची गरजच नव्हती. सा.भा. म्हणाले, "सांगा मोजणीवाले, कोणाचा लांब?" सु. खाली मान घालून साडीची कुसळं काढत होती.
"तिचा," मी म्हणालो. "अन् मागल्या रविवारीही तिचाच होता. मी खोटं सांगतलं."
मोकळं वाटलं असं लिहिणार होतो, पण जळफळाट तसाच होता. तिचा लांब गेला तो गेलाच. पुढचा चेंडू मात्र काठी न आवळता मारला. अब्रू गेलीच होती, आता कशाला भ्यायचं? कुठे गेला तेही पाहिलं नाही. मजा आली, खरंच. मागे सु. हसली. माझ्यावर की चेंडूवर, कळेना. घरी येईपर्यंत विचारायचं धाडस झालं नाही.