मिठागराचा बाहेरचा बांध फोडण्याबाबत

मी, इंदुबाई कमळाकर म्हात्रे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार तिवरबंदर, तालुका पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. पाय नाहीत, पण मृत्युपत्राला पाय लागत नाहीत. शब्द माझे, अक्षर निसीमभाऊ रोहेकरांचे. ते कोर्टात कारकून होते. ते शनिवार पाळतात, त्या दिवशी लेखणी धरत नाहीत, म्हणून आज रविवारी बसलो आहोत.

१. राहते घर आणि पितळेची भांडी माझी सून सगुणा हिला द्यावीत. माझा मुलगा शिवा गेल्यावर मीच तिचे दुसरे लग्न लावून दिले. ती आता परक्या घरची, असे ज्यांना म्हणायचे त्यांनी खुशाल म्हणावे. माझ्या आजारपणात पेज तिने आणली, त्यांनी नाही.

२. अंगणातला कोरीव दगड माझा पुतण्या दिनानाथ याला. खाडीतून कोळसा नेणाऱ्या बार्जांवर टनामागे पट्टी बसवायची आणि त्या पैशातून होड्यांना वादळात आडोसा बांधायचा, असे १९८४ साली ठरले. त्याच्या पायाभरणीचा हा दगड. पाहुणे आले, दगड बसला, हार दिनानाथने आणले. पट्टी आजही वसूल होते. तिच्यातून धक्का लांबला, बार्जांची सोय झाली आणि होड्या उघड्यावरच राहिल्या. बंदराच्या कचेरीत विचारले की एकच उत्तर, "आडोशाला जागा नाही." पुढच्याच वर्षी भरतीने दगड उखडला. तो मी घरी आणला आणि अठरा वर्षे त्यावर कपडे आपटले. दिनानाथ आता त्याच धक्क्यावर माल उतरवायचा ठेका घेतो. दगड त्याने आपल्या दारात लावावा. अक्षरे अजून वाचता येतात.

३. शिवाबद्दल. आमच्याकडे वादळ आले की होडीवाला घरात थांबत नाही, होडीत जाऊन बसतो. होडी एकटी सोडायची नाही, अशी रीत आहे. १९९६च्या जूनमध्ये भर दुपारी अंधारून आले. मी म्हटले, "जाव नको रं. होडी दुसरी घेता येल." तो म्हणाला, "आये, बार्जवर आपटंल ती. मी हाय ना." बार्जचे पोलाद आणि होडी यांच्यामध्ये तो बांबू लावून उभा राहिला. वादळ सरले तेव्हा होडीला ओरखडासुद्धा नव्हता. शिवा तिसऱ्या दिवशी तिवरांत सापडला. त्या होडीचा मला फार राग येतो. तरी दरवर्षी तिला तेल मीच लावून घेतले, कारण त्याने ती राखली होती.

४. खाडीच्या वळणावरचे बंद पडलेले मिठागर माझ्या नावावर आहे. धक्का वाढवायला ते विकावे म्हणून दिनानाथ किती वेळा आला. ते त्याला नाही, कोळशाच्या कंपनीला नाही. ते गावच्या मच्छीमार सोसायटीला, होड्यांच्या आडोशासाठी. कचेरीला म्हणावे, ही घ्या जागा.

बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस पावडा घेऊन येतो आणि ती बुजवतो, ही गावची जुनी चाल. माझा नवरा जन्मभर त्यात कधी चुकला नाही. माझ्या दहाव्यानंतरच्या पहिल्या उधाणाला तसेच घरटी एका माणसाने यावे आणि ओहोटीला बाहेरचा बांध फोडावा. भरती आपली आपण आत येईल. आतला बांध मी गेल्या उन्हाळ्यात भरून घेतला आहे, कोणाच्या भाताला खारे पाणी लागणार नाही. दगडी भिंतीसाठी सोसायटीने पट्टीचा पैसा मागत राहावा, पण त्याची वाट पाहत बसू नये. मी पाहिली.

निसीमभाऊ म्हणाले, "बाय, बांध फोडा असा मृत्युपत्रात कोणी लिवत नाय." मी म्हटले, "तुमी लिवा." त्यांची सगळी माणसे इस्रायलला गेली, ते इथेच राहिले. या सर्वाची अंमलबजावणी त्यांनीच करावी.

५. शिवाची होडी पहिली आत आणावी. पुढे ज्याची होडी फुटेल त्याने नवी होईपर्यंत ती वापरावी. या जागेला अट एकच. वादळात होडी दोन्ही बाजूंनी बांधावी आणि माणसाने घरी जावे. जो होडीत बसून राहील त्याची होडी दुसऱ्या दिवशी इथून बाहेर काढावी, मग तो कोणाचाही मुलगा असो.

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे.

इंदुबाई कमळाकर म्हात्रे (सही)

आमच्यासमोर सही केली:
निसीम हासाजी रोहेकर, रोहा (सही)
विमलबाई पुंडलिक ठाकूर, तिवरबंदर (डाव्या हाताचा अंगठा)

तिवरबंदर, रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर २००३