साठ किलोंचा उजेड

६ नोव्हेंबर
१९८९ सालची आठवण. संत तुकाराम नगरच्या पार्किंगमध्ये हे मोटरसायकलचा बल्ब बदलत होते, मी टॉर्च धरला होता. आमटीत गूळ घालावा की नाही यावर बोलत होतो. आता हे नाहीत, गाडी आहे. दर गुरुवारी तीच घेऊन चाकणच्या कंपनीतल्या मुलींना इंग्रजी शिकवायला जाते. येताना अंधार होतो, खड्डे दिसत नाहीत. निरंजन म्हणतो, क्लास बंद कर. मुलगा आहे, हेडमास्तर नाही. पांढरा एलईडी बल्ब आणला.

८ नोव्हेंबर
मेकॅनिक युनूसभाई म्हणाले, लाइट सेट करताना गाडीवर बसा; मागे वजन आलं की गाडीचं नाक वर होतं. आकुर्डीच्या चौकात, चार लोकांत पुतळ्यासारखी बसू? नाही बसले. वजन विचारलं. साठ सांगितलं. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर खोटं बोलू देत नसत, पण राउंड फिगर म्हणजे खोटं नव्हे. त्यांनी किराणा दुकानातून कांद्याच्या गोण्या आणल्या, मोजून साठ किलो सीटवर ठेवले आणि उजेड भिंतीवरच्या खडूच्या रेघेवर आणला. चोख काम.

१३ नोव्हेंबर, रात्री ८
अप्रतिम उजेड. मोशीपर्यंत सगळी होर्डिंग वाचली. झाडावर झोपलेले बगळे दिसले. समोरचे ट्रकवाले डिपर देत होते; कौतुक असावं. रस्ता तेवढा दिसला नाही. बल्ब कमी पडतोय.

१५ नोव्हेंबर
डबल पॉवरचा आणला. युनूसभाई म्हणाले, दोष बल्बचा नाही, एकदा बसून बघा. मी म्हटलं, शॉकॲब्सॉर्बर थकलेत. ते बल्ब बसवू लागले. सभ्य माणूस.

२० नोव्हेंबर
खड्डा. पडले. गुडघा सोलला. निरंजनने चावी काढून घेतली. शनिवारपर्यंत उजेड रस्त्यावर पडला नाही तर गाडी विकणार म्हणतो. आणि सोमवारी क्लासमधल्या पूनमची सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत, इंग्रजीत. रविवारी जादा क्लास कबूल केलाय.

२२ नोव्हेंबर
निरंजन सोबत आला. युनूसभाईंनी पहिला एलईडी परत बसवला. मग साठ किलोंवर पंचवीस किलोंची आणखी एक गोणी ठेवली. उजेड रेघ सोडून छपरावर गेला. स्क्रू फिरवून खाली आणला, गोण्या उतरवल्या.
"आता बसा, टीचर."
बसले. उजेड बरोब्बर रेघेवर. निरंजन भिंतीवरचे पंक्चरचे दर वाचू लागला.
"जुना बल्बसुद्धा चालला असता," युनूसभाई म्हणाले.
यंदा कांदे वजनाला हलके आहेत, एवढंच मी सांगितलं. चावी मिळाली.

घरी आल्यावर ठरवलं, घरातला फराळ वाटून टाकायचा. डबल पॉवरचा बल्ब युनूसभाईंना. बेसनाचे लाडू क्लासच्या मुलींना, पूनमला दोन जास्त. चकल्या निरंजनला. शंकरपाळे वॉचमनला, डब्यासकट.
तूप कोणालाही नाही.